सातारा गेले, जत राहिले

मार्गशीर्षात जतला यल्लम्मादेवीची जत्रा भरते. खिलार बैलांचा बाजार बसतो, सीमेपलीकडच्या गावांतून कानडी बोलणारी माणसे गाड्या भरभरून येतात. देवीचे दर्शन झाले की परगावच्या पाहुण्यांना जतचे संस्थानिक डफळे यांचा वाडा पाहायचा असतो. तिथे संस्थानाचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला. जत तर साताऱ्याच्या छत्रपतींच्या हाताखालचे. मग १८४९ मध्ये छत्रपतींचे राज्य इंग्रजांनी ‘वारस नाही’ म्हणून गिळले, तेव्हा जत कसे सुटले? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. महाराजांनी दत्तक घेतला होता म्हणतात, मग वारस नव्हता असे कसे?

हे दोन्ही प्रश्न एकाच गाठीचे आहेत. ती गाठ सोडवायची तर आधी जत कोणाचे होते ते पाहिले पाहिजे.

१. एक वाडा, दोन मालक

डफळे मूळचे चव्हाण. जतजवळच्या डफळापूरची पाटीलकी त्यांच्याकडे होती आणि गावावरूनच त्यांचे आडनाव पडले. विजापूरच्या आदिलशाहीत घराणे वर आले. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर मोगलांकडून त्यांना जत आणि करजगीची जहागीर मिळाली, आणि पुढे ते साताऱ्याच्या गादीचे सरदार झाले. औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, अक्कलकोटचे भोसले आणि जतचे डफळे ही सगळी छत्रपतींच्या पदराची माणसे.

पेशवाईच्या अखेरीस मात्र छत्रपतींच्या हाती काही उरले नव्हते. दुसरा बाजीराव इंग्रजांपुढे पळत होता आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांना आपल्याबरोबर फिरवत होता. फेब्रुवारी १८१८ मध्ये सोलापूर भागातल्या आष्टीजवळ लढाई झाली, बापू गोखले पडले, आणि महाराज, त्यांच्या मातोश्री व भाऊ इंग्रजांच्या हाती आले. महाराज तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. इंग्रजांनी त्यांना एप्रिलमध्ये साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला.

या तहातली तीन कलमे लक्षात ठेवली की पुढची सगळी गोष्ट उलगडते. पहिले कलम: हे राज्य महाराजांना आणि त्यांच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना कायमचे दिले आहे. दुसरे: महाराजांनी ईस्ट इंडिया कंपनीला वगळून परक्या कोणाशीही पत्रव्यवहार करायचा नाही. तिसरे: राज्यातल्या जहागीरदारांच्या जहागिरींना कंपनीची हमी राहील.

हमीच्या कलमावर कंपनी थांबली नाही. १८२० मध्ये तिने जत, औंध, भोर, फलटण, अक्कलकोट आणि वाईचे शेख मीरा यांच्याशी एकेक करून स्वतंत्र करार केले. मोठ्या वाड्याचा मालक एक आहे. पण त्यातल्या प्रत्येक कुळाने आपली भाडेचिठ्ठी शेजारच्या सावकाराच्या सहीने पक्की करून घेतली आहे, असे समजा. भाडे मालकाला, चाकरी मालकाला. पण मालकाने बाहेर काढायचे म्हटले तर कूळ सावकाराकडे धावणार. जतचे नेमके असे झाले. डफळे घोडदळाची चाकरी साताऱ्याला देत होते आणि त्यांच्या जहागिरीचा जामीन मात्र कंपनी होती.

२. मांडीवर घेणे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. दत्तक म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘दत्तक घेतला’ याला ‘मांडीवर घेतला’ असाही शब्द आहे, आणि तो विधीतूनच आला आहे. मुलाचा जन्मदाता बाप हातावर पाणी सोडून मुलगा देतो. घेणारा त्याला मांडीवर बसवतो, त्याच्या मस्तकाचा वास घेतो, नवे कपडे घालतो, नवे नाव ठेवतो. दत्तहोम होतो, साखर वाटली जाते. त्या क्षणापासून मुलाचे गोत्र, कूळ, सुतक, श्राद्धाचा अधिकार सगळे बदलते. शास्त्राच्या लेखी औरस मुलगा पिंड देतो तसाच हाही देतो. म्हणून पोटचा मुलगा नसलेल्या घरात दत्तक ही पळवाट मानली जात नव्हती. घराणे चालू ठेवण्याचा तो धर्ममान्य, रुळलेला मार्ग होता.

आपल्याकडचा नियम तर आणखी मोकळा होता. महाराष्ट्रात नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ प्रमाण मानला जाई. त्याच्या आधारे नवऱ्याने स्पष्ट परवानगी दिलेली नसली तरी विधवा दत्तक घेऊ शकत असे. बंगालमध्ये तसे चालत नव्हते; तिथे नवऱ्याची परवानगी दाखवावी लागे. मराठी संस्थानांच्या इतिहासात विधवा राण्यांनी घेतलेले दत्तक इतके का दिसतात, याचे कारण या नियमात आहे.

पण एक गोष्ट यातच दडलेली होती. घरदार, शेतवाडी यांच्यासाठी दत्तक पुरेसा. वतन, इनाम किंवा जहागीर असेल तर वरच्या सत्तेकडे जाऊन दत्तकाला मंजुरी घ्यायची आणि त्यासाठी नजराणा भरायचा, असाही जुना रिवाज होता. विधी देवाब्राह्मणांसमोर आणि मंजुरी सरकारात, असे ते दोन टप्पे. पुढचा सारा वाद या दोन टप्प्यांमधल्या फटीत घडला.

३. रोमचा दत्तक नातू

या फटीत अडकलेला वारस फक्त आपल्याकडेच सापडतो असे नाही. रोमन साम्राज्याची तर सुरुवातच दत्तकाने झाली. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला, त्याचे मृत्युपत्र वाचले, आणि त्यात अठरा वर्षांच्या ऑक्टेव्हियनला त्याने दत्तक घेतलेले निघाले. हाच पुढे सम्राट ऑगस्टस झाला.

ऑगस्टसलाही मुलगा नव्हता. त्याने मुलीचे दोन मुलगे, गायस आणि लुसियस, दत्तक घेतले. दोघेही तरुणपणी वारले. मग इ.स. ४ मध्ये त्याने एकाच वेळी दोघांना दत्तक घेतले. एक टायबेरियस, चाळिशी ओलांडलेला सेनापती. दुसरा त्याचा उरलेला नातू, अग्रिप्पा पोस्टुमस. बाप वारल्यावर जन्मला म्हणून हे नाव. विधी दोघांचाही पूर्ण, कायदा दोघांनाही लागू. तरी तीन वर्षांच्या आत पोस्टुमसला प्लॅनेशिया नावाच्या लहानशा बेटावर हद्दपार करण्यात आले. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस गेला आणि लगोलग बेटावरच्या पहाऱ्यातच पोस्टुमसला मारून टाकले. गादीवर टायबेरियस आला.

पोस्टुमसचा दत्तविधी खोटा आहे असे रोममध्ये कोणी म्हटले नव्हते. सैन्य आणि दरबार दुसऱ्याच्या बाजूला होते, एवढे त्याला बुडवायला पुरले. साताऱ्याच्या वारसाची गोष्ट वाचताना हे बेट लक्षात राहू द्या. तसे एक बेट आपल्या गोष्टीतही येणार आहे.

४. मंजुरी कोणाची?

आता प्रतापसिंह महाराजांकडे परत येऊ. माणूस कामाचा होता. पहाटेपासून कारभार पाहणारा, रोजनिशी ठेवणारा, रस्ते आणि शाळा यांत लक्ष घालणारा. महाबळेश्वरची जागा १८२९ मध्ये इंग्रजांना देऊन त्यांनी त्या बदल्यात खंडाळा गाव घेतले. १८२२ मध्ये संपूर्ण कारभार त्यांच्या हाती आला तो जेम्स ग्रँट डफकडून, म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या त्याच अधिकाऱ्याकडून.

कारभार हाती आल्यावर महाराजांनी जहागीरदारांवरचा आपला हक्क बजावायला सुरुवात केली. फलटणचे उदाहरण घेऊ. १८२५ मध्ये साताऱ्याने फलटणची जहागीर जप्त केली. १८२७ मध्ये बाणाजी नाईकांना ३०,००० रुपये नजराणा घेऊन गादीवर बसू दिले. पुढच्याच वर्षी ते वारले आणि साताऱ्याने पुन्हा जप्ती बसवली. ती उठली १८४१ मध्ये, जेव्हा त्यांच्या विधवेला दत्तक घ्यायला परवानगी मिळाली आणि आणखी ३०,००० रुपये भरले गेले. म्हणजे एकाच गादीसाठी दोनदा नजराणा, एकूण ६०,००० रुपये, आणि मधली तेरा वर्षे जहागीर साताऱ्याकडे.

जतचीही कहाणी जवळपास अशीच आहे. डफळ्यांच्या डोक्यावर कर्ज झाले होते. ते फेडण्यासाठी म्हणून १८२७ मध्ये साताऱ्याने जत आपल्या ताब्यात घेतले. कर्ज फिटले आणि १८४१ मध्ये जहागीर डफळ्यांना परत मिळाली.

महाराजांच्या बाजूने पाहिले तर हे सगळे रिवाजाला धरून होते. सरदार आपले, जहागीर आपल्या पूर्वजांनी दिलेली किंवा चालू ठेवलेली. निपुत्रिक सरदाराच्या दत्तकाला मंजुरी आपण द्यायची, वारस नसेल तर जहागीर आपल्याकडे यायची. मुंबई सरकार म्हणत होते, आम्ही १८२० मध्ये हमी दिली आहे, तेव्हा शेवटचा शब्द आमचा. कोणाची मंजुरी, हा प्रश्न साताऱ्याच्या दरबारात फलटण आणि जतसारख्या जहागिरींच्या निमित्ताने पहिल्यांदा उभा राहिला. त्या वेळी महाराज मंजुरी देणाऱ्याच्या जागी बसले होते. वीस वर्षांनी त्यांच्याच घरचा मुलगा मंजुरी मागणाऱ्याच्या जागी उभा राहणार होता.

प्रस्तुत लेखकाचे मत असे, की महाराजांचा दावा न्याय्य होता आणि तोच त्यांच्या नाशाचे मूळ ठरला. जहागीरदारांवरचा हक्क सोडा म्हटले तर ते सोडायला तयार नव्हते, आणि मुंबईच्या अधिकाऱ्यांना असा राजा नको होता. १८३५ च्या अखेरीस लंडनच्या संचालक मंडळाने महाराजांच्या चांगल्या कारभाराबद्दल त्यांना कौतुकाचे पत्र आणि रत्नजडित तलवार द्यायचे ठरवले. ती तलवार महाराजांच्या हाती कधीच पडली नाही. काही महिन्यांतच त्यांच्यावर कटाचे आरोप सुरू झाले.

५. ५ सप्टेंबर १८३९

आरोप तीन होते. कंपनीच्या २३ व्या पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवले. गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी पत्रव्यवहार केला. नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान बांधले. तहातले पत्रव्यवहाराचे कलम आता कामी आले. महाराजांनी उघड चौकशी मागितली. ती त्यांना मिळाली नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याच्याजवळ एक कागद तयार होता. त्यावर सही करून चूक कबूल करा, गादी राखा, असा सौदा होता. महाराजांनी सही नाकारली. केलेच नाही ते कबूल कसे करू, हा त्यांचा मुद्दा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

५ सप्टेंबरच्या रात्री रेसिडेंट कर्नल ओव्हान्स फौज घेऊन वाड्यात शिरला. महाराजांना बाहेर काढून जवळच्या निंब गावी नेले आणि तिथून काशीच्या वाटेला लावले. वाड्यातून एक गोळी सुटली नाही. गादीवर धाकटे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब यांना बसवण्यात आले. महाराजांबरोबर त्यांचे सेनापती बाळासाहेब यांनाही कैद करून नेले होते; त्या प्रवासातच ते मरण पावले.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. १८३९ मध्ये महाराज गादीवरून गेले. १८४१ मध्ये फलटणच्या विधवेला दत्तकाची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी जत डफळ्यांकडे परत गेले. जहागीरदारांवरचा हक्क न सोडणारे महाराज गेल्यावर दोन वर्षांतच दोन्ही जहागिरी सुटल्या.

काशीहून महाराजांनी न्यायाची आशा सोडली नाही. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहून भांडत राहिले. जोसेफ ह्यूमसारखे पार्लमेंटचे सभासद आणि जॉर्ज थॉम्सनसारखे वक्ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. ओव्हान्सच्या आधी साताऱ्याला रेसिडेंट असलेला जनरल लॉडविकही पुढे महाराजांच्या बाजूने बोलू लागला. यश आले नाही. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी महाराज काशीत वारले.

६. दोन मुले

महाराजांना एक मुलगी होती, गोजराबाई, मुलगा नव्हता. काशीच्या बंदिवासात त्यांनी बाळासाहेब सेनापतींचा मुलगा मांडीवर घेतला आणि त्याचे नाव शाहू ठेवले. नाव निवडताना त्यांच्या मनात काय असेल ते उघड आहे. थोरले शाहू महाराजही लहानपणी कैदेत गेले होते आणि औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटून साताऱ्याच्या गादीवर बसले होते.

इकडे साताऱ्यात आप्पासाहेबही निपुत्रिकच. ५ एप्रिल १८४८ रोजी ते वारले. मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी भोसले कुळातल्या व्यंकोजी नावाच्या मुलाला दत्तक घेतले होते. एकाच घराण्यात सहा महिन्यांच्या अंतराने दोन भाऊ गेले, आणि दोघांच्याही मागे मांडीवर घेतलेला एकेक मुलगा राहिला. त्यातला कोणीही गादीवर बसला नाही.

७. परवाना की खरेदीखत

लॉर्ड डलहौसीला हिंदुस्थानात येऊन तेव्हा पुरते तीन महिनेही झाले नव्हते. वय पस्तीस. त्याच्यासमोरचा हा पहिलाच मोठा वारसाहक्काचा प्रश्न.

त्याचे म्हणणे समजून घेण्यासाठी रेशनच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. दुकानदार वारला. त्याचे घर, दुकानातला तराजू, रिकामी पोती, बँकेतली शिल्लक हे सगळे त्याच्या मुलाचे. पण दुकानाचा परवाना? तो सरकारने त्या माणसाच्या नावे दिलेला. मुलाच्या नावे करायचा तर तहसील कचेरीत अर्ज करावा लागतो आणि साहेबांची सही लागते. डलहौसी म्हणाला, दत्तक मुलाला महाराजांची खासगी मालमत्ता जरूर मिळू दे. राज्य मात्र परवान्यासारखे आहे. ते १८१९ मध्ये आम्ही दिले, आमच्या संमतीशिवाय दत्तकाकडे जाणार नाही, आणि संमती आम्ही देत नाही.

आता दुसरी बाजू. तहात शब्द काय होते? ‘कायमचे’, ‘वारस’ आणि ‘उत्तराधिकारी’. परवान्यावर कोणी ‘कायमचे’ लिहीत नाही. ते खरेदीखतावर लिहितात. हिंदू राजाशी केलेल्या तहात ‘वारस’ म्हटले की त्यात दत्तक येतोच, कारण ज्या धर्मशास्त्राने तो राजा बांधलेला, त्यात दत्तक हा वारसच आहे. हे फक्त मराठी माणसांनीच म्हटले असे समजू नका. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याने दत्तकाच्या बाजूने मत दिले. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रियर, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, त्यालाही व्यंकोजीचा हक्क खरा वाटला होता. लंडनच्या संचालक मंडळातही टकर यांच्यासारख्या काहींनी विरोध नोंदवला.

पण मे १८४८ मध्ये क्लार्क गेला, त्याच्या जागी लॉर्ड फॉकलंड आला आणि त्याने राज्य घेण्याच्या बाजूने कौल दिला. मुंबईच्या कौन्सिलातल्या विलोबीने त्यासाठी लांबलचक टिपण तयार केले होते. डलहौसीने आपल्या टिपणात आणखी एक कारण मोकळेपणाने लिहिले: साताऱ्याचा मुलूख मुंबई इलाख्याच्या दोन मुख्य लष्करी ठाण्यांच्या मध्ये येतो, तो हाती असलेला बरा. १८४९ च्या सुरुवातीला लंडनची मंजुरी आली आणि सातारा खालसा झाले.

वारसा नामंजूर करण्याचा हा पहिलाच प्रसंग होता असे मात्र नाही. जतच्या दक्षिणेला, कित्तूरमध्ये, १८२४ सालीच राजाचा दत्तक नाकारला गेला होता आणि राणी चन्नम्मांनी त्यावर तलवार उपसली होती. साताऱ्याने मात्र ते धोरण म्हणून पक्के झाले. त्यानंतर झाशी आणि नागपूर याच वाटेने गेली. झाशीच्या दामोदररावांची गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. त्यांच्या आधी तोच न्याय ज्यांच्यावर चालवला गेला, त्या शाहू आणि व्यंकोजींची नावे साताऱ्यातही किती जणांना सांगता येतील, याची शंका वाटते. हे दुःखाचे आहे.

८. गेंडामाळ, बुचर बेट, कराची

प्रतापसिंह महाराजांचे कुटुंब काशीहून साताऱ्याला परतले होते. १८५३ मध्ये रंगो बापूजीही लंडनहून परत आले. अर्ज करून झाले होते, पार्लमेंटपर्यंत जाऊन झाले होते. १८५७ मध्ये उत्तरेत उठाव पेटला तेव्हा साताऱ्यातही हालचाल सुरू झाली.

कट फुटला. रंगो बापूजी जे निसटले ते पुन्हा कधीच इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. पण ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आले: पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा बंदुकीच्या गोळ्यांनी. रंगो बापूजींचे चिरंजीव सीताराम त्यांतच होते.

त्याआधीच, ऑगस्टमध्ये, शाहू आणि महाराजांच्या घरची मंडळी यांना साताऱ्यातून उचलून पुण्याला आणि तिथून मुंबईजवळच्या बुचर बेटावर नेले. तिथून त्यांची रवानगी कराचीला झाली. रोमच्या पोस्टुमसलाही आधी बेटावरच ठेवले होते. शाहू जिवानिशी वाचले, एवढा फरक. एरवी दोघांचे अपराध सारखेच: त्यांनी काही केले होते म्हणून नव्हे, ते वारस होते म्हणून त्यांना समुद्रापार ठेवणे राज्यकर्त्यांना सोयीचे वाटले. ज्याला कागदोपत्री ‘वारस नाही’ म्हणून नाकारले, त्याच मुलाला उठावाच्या वेळी साताऱ्यात राहू द्यायची इंग्रजांना भीती वाटली. त्याचा हक्क लोकांच्या मनात जिवंत आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

९. आणि जत?

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देता येते. साताऱ्याचे राज्य बुडाले तेव्हा त्याच्या जहागिरी त्याच्याबरोबर बुडाल्या नाहीत, कारण १८२० च्या करारांनी त्यांची नाळ आधीच कंपनीशी जोडलेली होती. वाडा सावकाराने घेतला. कुळांच्या चिठ्ठ्यांवर सावकाराचीच सही होती, त्यामुळे कुळे राहिली. साताऱ्याला जायची ती घोडदळाची चाकरी पैशांत बदलली. जत पुढे ब्रिटिश सरकारला चाकरीबद्दल वर्षाला ६,४०० रुपये आणि सरदेशमुखीबद्दल ४,८४७ रुपये भरत असे. ८८४ चौरस मैलांचा हा कोरडवाहू मुलूख. पाऊस कमी, विहिरी खोल. एवढा खंडही इथल्या शेतकऱ्याला हलका नव्हता.

जतचा कारभार नेहमीच चांगला चालला असे नाही. रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८७४ ते १८८५ ब्रिटिश सरकारने कारभार आपल्या हाती घेतला होता. तरी डफळ्यांची गादी गेली नाही. याचे कारण १८५७ नंतरच्या बदलात आहे. दत्तक नाकारण्याच्या धोरणाने किती आग लागली हे सरकारने पाहिले, आणि १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या: औरस मुलगा नसेल तर आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक घ्या, सरकार तो मान्य करील. दत्तकाची सनद जतकडेही होती.

शेजारच्या डफळापूरची जहागीर, अवघी सहा गावे, डफळ्यांच्याच शाखेतल्या एका विधवा राणीकडे होती. त्यांच्यामागे ती खालसा झाली नाही; १९१७ मध्ये जतला जोडली गेली. त्याच्या साठ-सत्तर वर्षे आधी हाच उदारपणा दाखवला असता तर साताऱ्याचा इतिहास वेगळा झाला असता.

साताऱ्याच्या दत्तकांना न्याय मिळाला नाही, हा इथला निर्वाळा. शास्त्र त्यांच्या बाजूला होते, तहाचे शब्द त्यांच्या बाजूला होते, कंपनीचेच दोन जबाबदार अधिकारी त्यांच्या बाजूला होते. विरोधात होती ती एक लष्करी सोय आणि ती पुरी करण्याची ताकद.

साताऱ्याचे राज्य १८४९ मध्ये संपले. जतचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी भारतात विलीन झाले, म्हणजे साताऱ्याच्या गादीपेक्षा जवळजवळ शंभर वर्षे अधिक जगले. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि जत त्यात तालुका म्हणून आले. त्या जिल्ह्याचे नाव १९६० मध्ये सांगली असे बदलण्यात आले.